सायलेन्सर की सप्रेसर? बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणाच्या नावाचा अर्थ, लेखन आणि उगम

प्रश्न असा आहे की, बंदुकीच्या नळीच्या टोकाला आवाज कमी करण्यासाठी जे नळकांडे बसवतात त्याला ‘सायलेन्सर’ म्हणावे की ‘सप्रेसर’, हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहावेत, आणि मुळात ते आले कुठून. त्याला जोडून असेही विचारले आहे की, ‘सायलेन्सर’ हा चित्रपटांनी रूढ केलेला चुकीचा शब्द आहे आणि खरे जाणकार तो वापरत नाहीत, हे म्हणणे बरोबर आहे का. मी अनेक वर्षे शस्त्रतपासणीचे अहवाल आणि न्यायालयीन कागदपत्रे इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम करीत आलो आहे आणि या शब्दाशी माझी गाठ वारंवार पडली आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ठाम देता येते: ते म्हणणे बरोबर नाही.

‘सायलेन्सर’ हे नाव या उपकरणाला चित्रपटांनी दिलेले नाही. ते उपकरण बाजारात यशस्वीपणे आणणाऱ्या माणसाने स्वतःच आपल्या मालाला हे नाव दिले. हायरम पर्सी मॅक्सिम हे त्याचे नाव. मॅक्सिम मशीनगन शोधणारे सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. मुलाला त्याच्या उपकरणाचे अमेरिकी पेटंट 30 मार्च 1909 रोजी मिळाले आणि त्या पेटंटाचे शीर्षक ‘निःशब्द बंदूक’ अशा अर्थाचे होते. नळीतून गोळीमागोमाग सुटणारा वायू एकदम बाहेर न जाता आत फिरत, घुटमळत, सावकाश बाहेर पडावा, ही त्याची मूळ कल्पना. ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या व्यापारी नावाने त्याने हा माल विकला, आणि तो विकत घेणाऱ्यांत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही होते. पुढे याच माणसाच्या कंपनीने इंजिनांच्या धुराड्यांचा आवाज कमी करणारी उपकरणे बनवली. वडिलांनी जगातील सर्वांत गोंगाटी शस्त्रांपैकी एक घडवले आणि मुलाने शस्त्राचा गोंगाट कमी करण्याचे साधन घडवले, ही गोष्ट शब्दाच्या इतिहासात थोडी बाजूची असली तरी मला ती सांगावीशी वाटते, कारण ‘सायलेन्सर’ हा शब्द अज्ञानातून आला असे म्हणणाऱ्याने निदान एवढे घराणे तरी ध्यानात घ्यायला हवे.

कायद्याची भाषाही हेच सांगते. अमेरिकेच्या 1934 च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यात या उपकरणासाठी ‘मफलर किंवा सायलेन्सर’ असे शब्द आले, आणि आजही त्या देशाच्या संघीय कायद्यात ‘सायलेन्सर’ आणि ‘मफलर’ हेच शब्द व्याख्येत आहेत. तेथील व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ती ‘आवाज बंद करणारे, दबका करणारे किंवा कमी करणारे’ असे तीन पर्याय देते. म्हणजे नाव ‘निःशब्द करणारा’ असे असले, तरी कायदा लिहिणाऱ्यांना आवाज केवळ कमी होणेही पुरेसे वाटले. ब्रिटनच्या 1968 च्या अग्निशस्त्र कायद्याने आणि त्याआधी भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाने नावाचा प्रश्नच टाळला. ‘गोळीबारामुळे होणारा आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी बनवलेले वा जुळवून घेतलेले उपसाधन’ अशा अर्थाचे वर्णन तेथे आहे, आणि भारतीय अधिनियमात असे उपसाधन ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच मोडते. अनुवादकाच्या दृष्टीने ही शब्दरचना मला नेहमीच अनुकरणीय वाटत आली आहे, कारण ती वस्तू काय करते तेवढेच सांगते.

मग ‘सप्रेसर’ हा शब्द का आला, आणि अनेक जाणकार त्याचाच आग्रह का धरतात? त्यासाठी बंदुकीचा आवाज कशाचा असतो हे थोडक्यात पाहावे लागते. गोळी सुटते तेव्हा तीन वेगवेगळे आवाज होतात. पहिला नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटासारखा आवाज. जळालेल्या दारूचा तप्त, प्रचंड दाबाचा वायू मोकळ्या हवेत एकदम फुगतो, त्याचा हा धमाका. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. 20 अंश सेल्सियस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो; गोळी त्याहून वेगाने जात असेल तर ती हवेत आघातलहर निर्माण करीत जाते आणि चाबूक कडाडल्यासारखा आवाज तिच्या सगळ्या मार्गावर ऐकू येतो. तिसरा आवाज शस्त्राच्या हलणाऱ्या भागांचा, घोड्याचा आणि खिट्टीचा. आपण ज्याची चर्चा करतो आहोत ते नळकांडे यांपैकी फक्त पहिल्या आवाजावर काम करते. त्याच्या आतील कप्प्यांत आणि पडद्यांत वायू अडतो, पसरतो, थोडा थंडावतो आणि दाब उतरल्यावर बाहेर पडतो. दुसऱ्या आवाजाला त्याचा हात पोहोचत नाही, कारण तो नळीच्या बाहेर, वाटेत तयार होतो.

रायफलच्या तोंडाशी आवाजाची कमाल पातळी साधारण 155 ते 170 डेसिबल असते आणि चांगल्या उपकरणाने ती सुमारे 20 ते 35 डेसिबलने उतरते. डेसिबल हे लघुगणकी माप असल्यामुळे 30 डेसिबलची घट म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपट कमी होणे. ही घट क्षुल्लक मुळीच नाही. तरीही उरलेला आवाज बहुतेक वेळा 120 डेसिबलच्या वर राहतो, आणि त्याला शांतता म्हणता येत नाही. क्षणिक आवाजासाठी 140 डेसिबल ही पातळी श्रवणाला धोकादायक मानली जाते. त्यामुळे उपकरण बसवूनही अनेक नेमबाज कानांचे संरक्षण काढत नाहीत. चित्रपटांत ऐकू येणारा ‘फुस्स’ असा आवाज मात्र खरोखर चित्रपटांचाच आहे. प्रत्यक्षात शक्तिशाली रायफलचा आवाज उपकरण लावल्यावरही दूरवर कळतो, फक्त तो तीक्ष्ण न राहता बद्द होतो. ‘बद्द’ हा आपला जुना शब्द येथे इतका नेमका बसतो की, साक्षीदाराच्या जबाबात तो आला तर मी तो कधीही बदलत नाही.

तर ‘आवाज नाहीसा होत नाही, दाबला जातो’ हे स्पष्ट करण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सप्रेसर’ हा शब्द तांत्रिक लेखनात आणि मग व्यापारात पसरला. त्यामागील हेतू योग्य आहे. परंतु त्यातून ‘सायलेन्सर म्हणणारा अडाणी’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. अमेरिकी लष्कराच्या फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड शस्त्रशाळेने 1968 साली या उपकरणांचा जो तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ‘सायलेन्सर’ हा शब्द होता, आणि तो लिहिणाऱ्यांना डेसिबल कळत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. भाषेत नावे वस्तूच्या पूर्ण वर्णनातून क्वचितच येतात. ‘गतिरोधक’ गती रोखत नाही, मंदावतो. तरी तो शब्द आपण बदलायला जात नाही.

आता व्युत्पत्ती. ‘सायलेन्सर’ची सरळ आहे. लॅटिनमध्ये ‘सिलेरे’ म्हणजे गप्प असणे, त्यावरून ‘सिलेंटियुम’ म्हणजे शांतता, त्यावरून फ्रेंच वाटेने इंग्रजी ‘सायलेन्स’, आणि त्याला कर्तृवाचक ‘अर’ प्रत्यय लागून ‘सायलेन्सर’. हा शब्द इंग्रजीत बंदुकीच्या उपकरणाहून कितीतरी जुना आहे; इतरांना गप्प करणारा माणूस, या अर्थाने तो सतराव्या शतकापासून आढळतो. यंत्राचा आवाज कमी करणारे साधन हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंजिनांच्या काळात मिळाला. म्हणून मोटारीचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर हे एकाच काळातले, एकाच तत्त्वावरचे भाऊ आहेत. दोन्हीकडे दाबाखालचा तप्त वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन्हीकडे त्याला कप्प्यांतून फिरवून शांत केले जाते. मोटारीसाठी हा शब्द ब्रिटिश इंग्रजीतला आहे आणि तोच आपल्याकडे आला. अमेरिकेत मोटारीच्या या भागाला ‘मफलर’ म्हणतात.

या ‘मफलर’पाशी मराठी वाचकाने जरा थांबावे. आपण गळ्याभोवती गुंडाळतो तो मफलर आणि अमेरिकी कायद्यातला मफलर एकच शब्द आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मूफ्ल’ म्हणजे जाड हातमोजा. त्यावरून गुंडाळून झाकणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद आले. तोंड गुंडाळले की आवाजही दबतो, म्हणून गुंडाळण्यावरून आवाज दबका करणे हा अर्थ निघाला. गळ्याचे वस्त्र, गाडीचे नळकांडे आणि बंदुकीचे उपसाधन ही तिन्ही या एका शब्दात आली ती अशी. जुन्या अमेरिकी कागदपत्रात बंदुकीसंबंधी ‘मफलर’ दिसला, तर मराठीत तो तसाच ठेवू नये, कारण वाचकाच्या डोळ्यांपुढे लोकरी वस्त्रच उभे राहील. तेथे ‘सायलेन्सर’ लिहावे.

‘सप्रेसर’चा उगम लॅटिन ‘सुप्रिमेरे’ या क्रियापदात आहे. ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे. दोन्ही मिळून खाली दाबणे, दडपणे. कॉम्प्रेसर, प्रेशर, छापखान्याचा प्रेस ही सगळी याच ‘दाबण्या’ची कुळे. मराठीत ‘आवाज दाबणे’ हा प्रयोग आधीपासून आहेच, त्यामुळे अर्थ समजायला अडचण पडत नाही. याच शब्दाच्या इंग्रजी लेखनात मात्र सर्वाधिक चुका होतात. शुद्ध रूप एस-यू-पी-पी-आर-ई-एस-एस-ओ-आर असे आहे: पी दोनदा, एस दोनदा, आणि शेवटी ओ-आर. पी दोनदा का येतो, हे मराठी माणसाला व्यंजनसंधीवरून चटकन समजते. ‘उत्’ आणि ‘चार’ मिळून ‘उच्चार’ होतो, ‘उत्’ आणि ‘लंघन’ मिळून ‘उल्लंघन’ होते; त्याचप्रमाणे लॅटिन ‘सुब’मधला ब पुढील प मुळे प होतो आणि दोन प जोडून येतात. सपोर्ट, सप्लाय, सप्लिमेंट या शब्दांतही पी दोनदा येतो तो याच कारणाने. सुप्रीम आणि सुपर्ब या शब्दांत मात्र पी एकदाच आहे, कारण ते ‘सुपर’ म्हणजे ‘वर’ या वेगळ्या मुळातून आले. एक पी घालून लिहिणारे बहुधा या दोन कुळांची सरमिसळ करतात. स्पॅनिशमध्ये मात्र हाच शब्द एकाच पीने आणि एकाच एसने लिहिला जातो, त्यामुळे स्पॅनिश मजकुरात तसे लेखन दिसले तर ती चूक समजू नये. दोन एसचे कारण ‘प्रेस’ हा आतला शब्दच देतो, आणि शेवटचा ओ-आर हा लॅटिन कर्तृप्रत्यय आहे. कॉम्प्रेसर, प्रोसेसर, प्रोफेसर या सर्वांत तोच आहे. ‘सायलेन्सर’ला मात्र इंग्रजीचा घरचा प्रत्यय ई-आर लागतो, कारण तो इंग्रजी क्रियापदावरून इंग्रजीतच घडला.

मराठी लेखनाबद्दल मला अधिक सविस्तर सांगायचे आहे, कारण येथे निष्काळजीपणा फार आढळतो. ‘सायलेन्सर’, ‘सायलेंसर’, ‘सायलन्सर’ आणि ‘साइलेंसर’ अशी चार रूपे मला मराठी मजकुरात भेटतात. माझी शिफारस पहिल्या रूपाची आहे आणि तिला कारण आहे. मराठीत स च्या आधी येणारा अनुस्वार साध्या न सारखा उच्चारला जात नाही. ‘संसार’, ‘हंस’, ‘मांस’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अनुस्वाराच्या जागी वकाराकडे झुकणारा अनुनासिक उच्चार होतो. ‘सायलेंसर’ असे लिहिले तर मराठीच्या नियमाने तसाच उच्चार व्हायला हवा, आणि तो या शब्दात नाही; येथे न् स्पष्ट आहे. म्हणूनच मराठीने ‘लायसन्स’, ‘चान्स’, ‘सेन्सॉर’, ‘इन्स्पेक्टर’ अशा शब्दांत न जोडाक्षराने लिहिण्याची पद्धत ठेवली. हिंदी मात्र अशा जागी अनुस्वार देते, आणि ‘साइलेंसर’ हे हिंदीचेच रूप आहे. त्यातला ‘साइ’ही हिंदी वळणाचा, जसा ‘साइकिल’मध्ये आहे. आपण ‘सायकल’, ‘सायरन’ लिहितो, तसेच ‘सायलेन्सर’. ‘सायलन्सर’ हे रूप इंग्रजी उच्चाराला अधिक जवळचे आहे आणि त्याला मी अशुद्ध म्हणणार नाही, परंतु मोटारीच्या निमित्ताने ‘सायलेन्सर’ घरोघरी रुळला आहे, आणि रुळलेल्या रूपाशी भांडण्यात काही मिळत नाही. ‘सप्रेसर’ लिहिताना इंग्रजीतले दुहेरी पी आणि एस मराठीत आणू नयेत, कारण उच्चारात ते एकेरीच आहेत. ‘सुप्रेसर’ हे रूपही नको, कारण पहिला स्वर उ नाही.

शुद्ध मराठी प्रतिशब्द हवा असेल तर मी ‘ध्वनिशामक’ सुचवतो. ‘वेदनाशामक’ औषध वेदना सहन होण्याइतकी उतरवते, ती मुळातून नाहीशी करीलच असे नाही. त्याच अर्थाने हे उपकरण आवाज उतरवते. ‘ध्वनिरोधक’ हा शब्द खोलीच्या भिंती, दारे, काचा यांसाठी आधीच वापरात आहे, तेथून तो ओढून आणला तर गोंधळ वाढतो. ‘निःशब्दक’ मी पूर्वी वापरत असे. एका अहवालाच्या अनुवादात मी सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाला ‘निःशब्द पिस्तूल’ म्हटले होते, आणि साक्षीदाराने आवाज ऐकल्याचे त्याच कागदपत्रांत पुढे नमूद होते. दोन विधानांत विसंगती आहे असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि ती विसंगती मूळ इंग्रजीत नव्हतीच, माझ्या शब्दाने ती निर्माण केली होती. ती चूक मला अजून बोचते, आणि तेव्हापासून हा शब्द मी सोडून दिला. ‘दमन’ या शब्दापासून केलेले प्रतिशब्दही टाळावेत. ‘दमन’ म्हटले की मराठी वाचकाला सत्तेने केलेली दडपशाही आठवते.

इतर भाषांनी काय केले हे पाहिले की आपली निवड अधिक नीट होते. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश यांनी शांततेवरून नाव दिले. जर्मनने ‘शालडेम्प्फर’ असा शब्द घडवला; ‘शाल’ म्हणजे ध्वनी आणि ‘डेम्प्फर’ म्हणजे मंद करणारा. ‘एमपी 5 एसडी’ या प्रसिद्ध जर्मन शस्त्राच्या नावातली एसडी ही अक्षरे याच शब्दाची आहेत, ती कोणत्याही इंग्रजी शब्दाची आद्याक्षरे नाहीत. ब्रिटनमध्ये शिकारी आणि नेमबाज ‘साउंड मॉडरेटर’ म्हणतात. मॉडरेटर म्हणजे मर्यादेत ठेवणारा, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक नाव हेच आहे. रशियन ‘ग्लुशितेल’ हा शब्द बहिरेपणाच्या धातूशी नाते सांगतो आणि मोटारीसाठीही तोच चालतो. सोव्हिएत काळातले ‘ब्रामित’ हे नाव मात्र वेगळ्याच प्रकारचे आहे. त्यात ना ध्वनी आहे ना शांतता. ‘ब्रात्या मितिनी’ म्हणजे मितिन बंधू, या दोन शब्दांच्या आरंभीची अक्षरे जोडून ते झाले, आणि ते उपकरण नागान रिव्हॉल्व्हर व मोसिन रायफल यांसाठी होते. रिव्हॉल्व्हरला असे उपकरण सहसा उपयोगी पडत नाही, कारण फिरते चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो. नागानमध्ये गोळी सुटताना चक्र पुढे सरकून ती फट बुजते, म्हणून तेथे ते साधले. एखाद्या रशियन मजकुरात ‘ब्रामित’ आढळले तर त्याचा अर्थ शोधत कोशात भटकू नये, ते विशेषनाम म्हणून तसेच ठेवावे.

एक सावधगिरी ‘सप्रेसर’बाबत सुचवतो. इंग्रजीत हा शब्द एकट्या या उपकरणाचा नाही. नळीच्या तोंडावरची ज्वाळा लपवणाऱ्या छोट्या भागाला ‘फ्लॅश सप्रेसर’ म्हणतात, आणि तो आवाज कमी करीत नाही. विजेच्या उपकरणांत सप्रेसर असतात, जनुकांच्या शास्त्रातही असतात. शत्रूला डोके वर काढू न देण्यासाठी केलेल्या गोळीबाराचे इंग्रजी नावही याच क्रियापदावरून आले आहे, आणि त्याचा या नळकांड्याशी काहीही संबंध नाही. त्यामुळे मूळ मजकुरात एकटा ‘सप्रेसर’ दिसला तर आधी तो कशाला जोडला आहे हे पाहावे आणि मगच मराठी शब्द निवडावा.

माझी प्रत्यक्ष पद्धत अशी आहे. बातमी, कथा, सर्वसाधारण लेख यांत ‘सायलेन्सर’ लिहितो, आणि संदर्भावरून कळत नसेल तर ‘बंदुकीचा सायलेन्सर’. तांत्रिक अहवालात मूळ लेखकाने जो शब्द वापरला असेल तोच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाला ‘गोळीबाराचा आवाज कमी करणारे उपकरण’ असे वर्णन जोडतो. विशेषण करताना ‘सायलेन्स्ड पिस्तूल’ किंवा ‘सप्रेस्ड रायफल’ असे अर्धे इंग्रजी रूप न आणता ‘सायलेन्सर लावलेले पिस्तूल’, ‘सप्रेसर बसवलेली रायफल’ असे लिहितो. दोन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी चालतात: तो सायलेन्सर, सायलेन्सरचा, सायलेन्सरला, तो सप्रेसर, सप्रेसरचा, सप्रेसरला. अनेकवचनात रूप बदलत नाही, ‘दोन सायलेन्सर सापडले’ असेच लिहावे.